मिलो मामाच्या गावाला गेला असता तर?

मिलो नावाचा एक पहिलवान होता. अडीच हजार वर्षांपूर्वीचा. इटलीच्या दक्षिण टोकाला क्रोटोन नावाचं ग्रीक लोकांचं गाव होतं, तिथला. जुन्या ऑलिम्पिकमध्ये त्यानं सहा वेळा कुस्ती मारली. त्याच्या ताकदीबद्दल एक गोष्ट सांगतात. मिलोकडं एक लहानसं वासरू होतं. तो रोज त्याला खांद्यावर घेऊन चालायचा. आज जेवढं वासरू, त्याहून उद्याचं किंचित जड. एवढासा फरक खांद्याला कळायचाही नाही. असं करत करत वासराचा बैल झाला आणि मिलो चक्क बैल खांद्यावर घेऊन फिरू लागला!

गोष्ट खरी की खोटी, ते सोडून द्या. पण वजन उचलण्याचा सराव कसा वाढवावा, हे शिकवायला जगभरचे उस्ताद अजूनही हीच गोष्ट सांगतात. आमच्या पाचवीच्या वर्गात मी ती सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, पण मिलो मधीच महिनाभर मामाच्या गावाला गेला असता तर?"

सगळा वर्ग हसला. मला मात्र हा प्रश्न फार आवडला. कारण मिलो मामाकडं आंबे खात बसला, तरी वासरू थोडंच थांबणार? ते आपलं गवत खाऊन वाढतच राहणार. महिन्यानं मिलो परत येणार, जुन्या सवयीनं वाकणार, "यात काय मोठंसं!" म्हणून झटका देणार, आणि मग कमरेत अशी चमक भरणार की विचारू नका!

दोस्तांनो, तुमच्या-माझ्यासारख्या बहुतेकांचं असंच होतं. आपल्या वाशिम जिल्ह्यात तर वर्षातून दोन-तीनदा ठरलेलं. सोयाबीन सोंगायला आलं की मोठी मुलं शेतात जातात, तालीम बंद. मग दिवाळी. मग कुणाला ताप येतो, कुणाची सहामाही. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. एवढं सगळं झालं की एका सकाळी अचानक उत्साह येतो. कुणाला तालुक्याच्या स्पर्धेत उतरायचं असतं, कुणाला पोलीस भरतीचं मैदान मारायचं असतं, कुणाला नुसतं दंड फुगवून दाखवायचे असतात. आणि गडी जिथं थांबला होता, तिथूनच सुरू करतो. सुट्टीआधी शंभर बैठका मारत होतो ना? मग आजही शंभर! तिसऱ्या दिवशी हाच गडी जिना उतरताना कठडा धरून "आई गं" करत असतो. आठवड्यानं तो तालमीचं नावही काढत नाही.

या लेखात आपण हेच पाहणार आहोत. खंड पडल्यावर पुन्हा वजनाला हात घालायचा तो कसा, म्हणजे पायात गोळे येणार नाहीत आणि कुठं काही ताणलं जाणार नाही.

शरीरात तीन घड्याळं

खंडानंतर घोटाळा होतो त्याचं कारण असं, की आपल्या शरीरात जणू तीन वेगवेगळी घड्याळं असतात.

पहिलं घड्याळ डोक्यातलं. ते मुळीच मागं पडत नाही. सायकल शिकलेला माणूस दहा वर्षांनीही सायकल चालवतो ना, तसंच. दांडा कसा धरायचा, गुडघे कधी मोडायचे, हे मेंदू विसरत नाही. म्हणून पहिल्या दिवशी वाटतं, अरे, आपल्याला तर सगळं जमतंय!

दुसरं घड्याळ स्नायूंचं. दोन-तीन आठवडे काही केलं नाही तर ताकदीत फारसा फरक पडत नाही, पण दमसास लवकर तुटतो. पुढं पुढं स्नायूही बारीक होऊ लागतात. मात्र ते रिकाम्या हातानं जात नाहीत. २०१० साली नॉर्वेतल्या ओस्लो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केला. व्यायामानं स्नायू वाढतात, तेव्हा त्यांच्या धाग्यांमध्ये नवी केंद्रकं येतात. केंद्रकं म्हणजे पेशीतली कारभार पाहणारी कचेरीच. पुढं स्नायू सुकले तरी ही केंद्रकं बराच काळ टिकून राहिलेली दिसली. म्हणजे कारखाना बंद पडला, पण मुकादम नोकरी सोडून गेले नाहीत! माणसांमध्ये हे नेमकं कसं चालतं याचा शोध अजून चालू आहे. पण एकदा कमावलेलं अंग दुसऱ्यांदा लवकर येतं, हा तालमीतल्या लोकांचा जुना अनुभव आहे. तेव्हा खंड पडला म्हणून रडत बसायचं कारण नाही.

तिसरं घड्याळ सगळ्यात मंद. ते आहे स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्यांचं. त्यांना स्नायुबंध म्हणतात. टाचेच्या वर हात लावून पाहा, जाड दोरीसारखं लागतं ना, तेच. या दोऱ्यांना रक्ताचा पुरवठा स्नायूंपेक्षा कमी. त्यामुळं त्या बळकट व्हायलाही वेळ घेतात आणि दुखावल्या तर बऱ्या व्हायलाही वेळ घेतात.

आता बघा गंमत. डोकं म्हणतं, ऐंशी किलो. स्नायू म्हणतात, बरं, साठ तर साठ. दोरी म्हणते, बाबा रे, मला चाळीसच झेपेल. आणि आपण ऐकतो कुणाचं? डोक्याचं!

अंग आंबणं वेगळं, लचक वेगळी, गोळा वेगळा

आपल्याकडं तिन्हींना सरसकट "अंग धरलं" म्हणतात. पण प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि उपायही.

अंग आंबतं ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. व्यायाम संपताना गडी ठणठणीत असतो, दुसऱ्या दिवशी मात्र उठवत नाही. "अंगात आम्ल साचलं" असं पूर्वी सांगत. अजूनही काही जण सांगतात. पण ते आम्ल तासा-दीड तासात निघून जातं, मग दुसऱ्या दिवशी कशाचं दुखणार? खरं कारण असं, की सवय नसलेल्या कामानं स्नायूंच्या धाग्यांमध्ये अतिशय बारीक चिरा पडतात आणि त्यांची दुरुस्ती सुरू होते. त्यातही वजन वर नेताना चिरा कमी पडतात, खाली आणताना जास्त. म्हणून गड चढल्यावर धाप लागते, पण मांड्या दुखतात त्या गड उतरल्यामुळं. बैठकेतही खाली जाण्याचा भाग मांडीला जास्त लागतो.

या दुखण्याला घाबरायचं कारण नाही. दोन-चार दिवसांत ते आपोआप जातं. शिवाय निसर्गानं एक चांगली सोय करून ठेवली आहे. एकदा हलका व्यायाम झाला की त्याच कामाचा पुढचा फटका स्नायूंना कमी बसतो, आणि हे कवच काही आठवडे टिकतं. म्हणून पहिला दिवस मुद्दाम सोपा ठेवायचा. पहिल्या दिवशी वीस बैठका मारून, "हे काय, अंग तर गरमसुद्धा झालं नाही," असं म्हणत घरी जाणारा मुलगा खरा हुशार.

लचक किंवा चमक भरते ती त्याच क्षणी. झटका बसला, खट्‌कन काहीतरी झालं, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येतं, ही तिची ओळख. इथं स्नायू किंवा त्याची दोरी खरोखर ताणली गेलेली असते.

आणि गोळा म्हणजे पेटका. "शिरेवर शीर चढली," असं आजी म्हणते, ते हेच. प्रत्यक्षात शीर कुठंही चढत नाही. स्नायू आखडतो आणि सैल व्हायचंच विसरतो.

मीराबाईंचे १९२ किलो

खंडानंतर परत कसं यावं याचं उदाहरण द्यायचं तर मी मीराबाई चानू यांचं देईन. मणिपूरच्या या खेळाडूचं नाव तुम्हाला माहीत आहेच. टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळवलं. पण मला सांगायची आहे ती त्याआधीची गोष्ट.

वजन उचलण्याच्या स्पर्धेत दोन प्रकार असतात. स्नॅचमध्ये दांडा जमिनीवरून एकाच झटक्यात डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर. दोन्हींतली सर्वात मोठी वजनं मिळवून एकूण धरतात. एप्रिल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. तिथं मीराबाईंनी एकूण १९६ किलो उचलून सुवर्णपदक घेतलं. त्यानंतर कमरेच्या दुखण्यानं त्यांना गाठलं. त्याच वर्षीच्या आशियाई स्पर्धा त्यांना सोडाव्या लागल्या. सहा महिन्यांहून जास्त काळ त्या स्पर्धेबाहेर होत्या.

फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या थायलंडमधल्या एका स्पर्धेत परतल्या. आता मनात आणा, जगज्जेती खेळाडू, एवढ्या दिवसांनी परत येतेय. १९६ च्या पुढं उडी मारून दाखवावी असं वाटणारच ना? त्यांनी उचलले १९२. म्हणजे आधीपेक्षा चार किलो कमीच! त्यातही क्लीन अँड जर्कमध्ये जुनेच ११० किलो, आणि स्नॅचमध्ये ८६ ऐवजी ८२. मग दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, १९९. सप्टेंबरमध्ये २०१. फेब्रुवारी २०२० मध्ये कोलकात्याला २०३. पुढं टाळेबंदीत पुन्हा सराव थांबला. त्यानंतर त्या अमेरिकेला गेल्या. तिथले फिजिओथेरपिस्ट आरन हॉरशिग स्वतःही वजन उचलणारे खेळाडू होते. त्यांच्याकडून शरीराची घडी पुन्हा बसवून घेतली. आणि एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला एकूण २०५ किलो. त्यात क्लीन अँड जर्कचे ११९ किलो हा तेव्हाचा जागतिक विक्रम ठरला.

१९२, १९९, २०१, २०३, २०५. हे आकडे वहीत उतरवून घ्या. जगातल्या सर्वात तयार स्त्रियांपैकी एक, तिच्यामागं डॉक्टर, प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, सगळा लवाजमा. आणि तिची वाढ बघा: सात किलो, दोन किलो, दोन किलो, दोन किलो. आणि आपला पंधरा वर्षांचा बहाद्दर एका रविवारी दोन्ही बाजूंना पाच-पाच किलोची चकती जास्त चढवतो!

शंभर बैठकांची गोष्ट

याच्या उलट काय होतं, तेही सांगतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाचा फुटबॉलचा संघ आहे. तिकडचा फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घालून खेळतात तो दांडगा खेळ. जानेवारी २०११ मध्ये नाताळची सुट्टी संपवून खेळाडू परतले. तीनेक आठवड्यांचा खंड पडला होता. परतल्यावर त्यांना काम दिलं: खांद्यावर दांडा घेऊन शंभर बैठका, त्याही घड्याळ लावून. वजन फार नव्हतं, प्रत्येकाच्या कमाल ताकदीच्या निम्मंच. पण शंभर वेळा!

पुढच्या काही दिवसांत १३ खेळाडू रुग्णालयात दाखल झाले. त्यांच्या स्नायूंच्या पेशी फुटून आतला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात उतरला होता. हा पदार्थ फार झाला तर मूत्रपिंडं तुंबतात. लघवी काळ्या चहासारखी होते. सुदैवानं सगळे बरे झाले. पण ते काही किरकोळ मुलं नव्हती, हे लक्षात ठेवा. धट्टेकट्टे, कसलेले खेळाडू होते. तीन आठवड्यांची सुट्टी आणि परतल्यावर एक दिवसाची घाई, एवढंच कारण.

म्हणून एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. फार व्यायाम झाल्यावर लघवी गडद तांबूस-काळी झाली, अंग सुजलं, हातपाय उचलवेनासे झाले, तर घरी लपवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. "उन्हानं झालं असेल" म्हणून वाट पाहायची नाही.

अशा प्रसंगांवरून धडा घेऊन २०१९ मध्ये अमेरिकेतल्या प्रशिक्षकांच्या संघटनांनी खंडानंतर परतणाऱ्या खेळाडूंसाठी एक हिशेब ठरवून दिला. तो आपल्यालाही सहज जमेल. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या कामातून निम्मं वजा करा. दुसऱ्या आठवड्यात शेकडा ३० वजा. तिसऱ्यात २०, चौथ्यात १०. पाचव्यात पूर्ण.

चला, गणित करू. सुट्टीआधी तुमच्या १०० बैठका आणि ४० जोर चालू होते. पहिल्या आठवड्यात किती? ५० बैठका, २० जोर. तेही एका दमात नाहीत, दहा-दहाच्या फेऱ्यांत. दुसऱ्या आठवड्यात ७० आणि २८. तिसऱ्यात ८० आणि ३२. चौथ्यात ९० आणि ३६. पाचव्या आठवड्यात पुन्हा आपले १०० आणि ४०. शेकडेवारी कशाला शिकायची, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर! लोखंडाचा सराव करणाऱ्या मोठ्या मुलांनी वजनही कमी ठेवायचं आणि संख्याही. आयोवाच्या मुलांचं वजन निम्मंच होतं, घात केला तो संख्येनं. आणि खंड दुखापतीमुळं किंवा मोठ्या आजारामुळं पडला असेल, तर हे गणितसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

ताप असताना तर व्यायाम मुळीच नाही. "घाम काढला की ताप उतरतो" असं म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढं जायचं. डेंग्यू किंवा टायफॉईड होऊन गेला असेल तर आधी नुसतं चालायला लागा. भूक आणि झोप पूर्वीसारखी झाली की मगच वजनाचा विचार.

आधी अंग गरम

थंड तव्यावर भाकरी टाकली तर काय होतं? चिकटते. स्नायूंचंही तसंच. आपल्या जुन्या तालमींत यासाठी फार छान पद्धत होती. पहिलवान मंडळी आल्याबरोबर कुस्तीला भिडत नसत. आधी फावड्यानं हौद्यातली माती उकरायची, ती सारखी करायची. मग जोर, मग बैठका, आणि मग लढत. माती उकरणं ही नुसती साफसफाई नव्हती. दहा-पंधरा मिनिटांत खांदे, पाठ, कंबर, मांड्या, सगळं गरम होऊन जायचं. आपल्या शेजारी अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. विदर्भात लाठी, मलखांब, जोर-बैठका टिकल्या त्यात या संस्थेचा मोठा हात आहे. कधी अमरावतीला गेलात तर आईबाबांबरोबर तिथलं मैदान जरूर पाहून या.

आपल्याकडं हौदा नसेल तर पाच मिनिटं हळू धावायचं. मग हात गोल फिरवणं, कंबर फिरवणं, रिकाम्या हातानं दहा सावकाश बैठका. त्यानंतर जी उचल करायची तीच आधी वेळूच्या काठीनं करून पाहायची. काठीला हसू नका. स्पर्धेतला नुसता दांडाच पुरुषांसाठी २० किलोचा आणि स्त्रियांसाठी १५ किलोचा असतो. चांगले उस्ताद नव्या मुलाला आधी काठीच देतात. एका जागी थांबून अंग ताणण्याचे प्रकार असतात, पायाचे अंगठे धरणं वगैरे, ते शेवटी, अंग गरम असताना.

आता उचलायचं कसं? इथं पुस्तकापेक्षा आपल्या बाजार समितीतले हमाल पाहावेत. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची आवक सुरू झाली की दिवसभर कट्ट्यांची चढउतार चालते. पावसाळ्यात काम बेताचं असतं, म्हणजे त्यांनाही खंडानंतरच सुरुवात करावी लागते! एका वयस्कर हमालकाकांना मी याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "गुरुजी, पह्यल्याच दिवशी जोर दाखोला त दुसऱ्या दिवशी घरीच बसा लागते." पहिले काही दिवस ते जोडीनं उचलतात. कट्टा अंगाला अगदी लागून घेतात, लांब धरत नाहीत. कंबरेतून वाकत नाहीत, गुडघे मोडून खाली जातात. वळायचं असेल तर पाय वळवतात, कंबरेला पीळ देत नाहीत. आणि उचलताना "हुं" करून श्वास सोडतात. वजन उचलण्याच्या खेळाचे प्रशिक्षकही साधारण हेच शिकवतात, फक्त इंग्रजीत.

गोळा आलाच तर

बर्मिंगहॅमला २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. तिथं मिझोरामचा जेरेमी लालरिन्नुंगा ६७ किलो गटात उतरला होता. वय अवघं १९. त्याला मध्येच पेटके आले. उचल झाल्यावर तो वेदनेनं कळवळताना सगळ्यांनी पाहिला. तरी त्यानं एकूण ३०० किलो उचलून सुवर्णपदक जिंकलं. म्हणजे पेटका मोठमोठ्यांनाही येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पेटका का येतो, याचं एकच एक उत्तर नाही. बरेचदा थकवा हे कारण असतं. थकलेल्या स्नायूला "आखड" आणि "सैल हो" असे जे निरोप मज्जातंतूंतून जातात, त्यांचा तोल बिघडतो. सवय मोडलेले स्नायू लवकर थकतात, म्हणून खंडानंतर गोळे जास्त येतात. दुसरं कारण घामाचं. १९२० च्या दशकात इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणींत मजुरांना भयंकर पेटके यायचे. आत उष्मा, घामाच्या धारा, आणि वरून ते घटाघटा साधं पाणी प्यायचे. अभ्यासकांच्या लक्षात आलं की घामाबरोबर मीठही जातं आणि नुसत्या पाण्यानं ते भरून येत नाही. पाण्यात थोडं मीठ घालून दिल्यावर पेटके कमी झाले.

आपल्याकडं यासाठी महागड्या बाटल्यांची गरज नाही. मीठ घातलेलं ताक आहे, लिंबाचं सरबत आहे. नाहीतर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मात्र थंडीत अर्धा तास व्यायाम केला आणि लगेच मिठाचं पाणी प्यायलं, असं करू नका. तेव्हा साधं पाणी पुरतं. हे आहे ते एप्रिल-मेच्या घामासाठी. त्या दिवसांत सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावरच व्यायाम करायचा. आणि केळं खाल्लं की गोळा पळतो, हेही तितकंसं खरं नाही. केळं पोटातून रक्तात पोचेपर्यंत गोळा कधीच उतरलेला असतो. केळं खा, पण भूक लागली म्हणून!

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोग केला. पायाच्या अंगठ्याच्या स्नायूला विजेनं मुद्दाम पेटका आणायचा आणि मग काकडीच्या लोणच्याचं आंबट-खारट पाणी प्यायला द्यायचं. सुमारे दीड मिनिटात पेटका उतरायचा, साध्या पाण्यापेक्षा लवकर. एवढ्या वेळात ते पाणी रक्तात मिसळणं शक्यच नाही. म्हणजे घशाला ती आंबट चव लागताच मज्जातंतूंमार्फत काहीतरी निरोप जात असावा, असा त्यांचा अंदाज आहे. हे ऐकून आमच्या वर्गातली मुलं लगेच कैरीच्या लोणच्याकडं वळली. तसं नको रे बाबांनो! आपल्या लोणच्यात तेल आणि तिखट किती असतं?

प्रत्यक्ष गोळा आला तर काय करायचं? पोटरीत असेल तर खाली बसा, गुडघा सरळ ठेवा आणि पायाची बोटं हातानं आपल्याकडं ओढा. मांडीच्या पुढच्या बाजूला असेल तर गुडघा मोडून टाच मागं कुल्ल्याकडं न्या. सावकाश, झटका न देता, अर्धा-एक मिनिट. उतरला की हळुवार चोळा. त्या दिवशी पुन्हा वजन नाही.

सांगलीच्या संकेतचा एक किलो

त्याच बर्मिंगहॅममध्ये भारताला पहिलं पदक मिळवून दिलं ते आपल्या महाराष्ट्राच्या मुलानं. सांगलीचा संकेत सरगर, २१ वर्षांचा. वडिलांची पानाची टपरी. ३० जुलै २०२२ ला तो ५५ किलो गटात उतरला. स्नॅचमध्ये ११३ किलो उचलून सर्वांच्या सहा किलो पुढं. क्लीन अँड जर्कमध्ये पहिल्याच खेपेला १३५. सुवर्णपदक जवळजवळ हातात होतं. दुसऱ्या खेपेला १३९ किलो उचलताना उजव्या कोपरात दुखापत झाली. तरी तो तिसऱ्या खेपेला पुन्हा उभा राहिला, पण हातानं साथ दिली नाही. त्याचे एकूण २४८, मलेशियाच्या खेळाडूचे २४९. एका किलोनं सुवर्ण गेलं. रौप्यपदक घ्यायला तो हात झोळीत अडकवून आला. पुढं लंडनमध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली.

संकेतनं तिसऱ्यांदा प्रयत्न केला त्याचं सगळ्यांना कौतुक वाटतं, मलाही वाटतं. पण तो देशासाठी खेळत होता, वर्षानुवर्षांचा सराव होता, आणि बाजूला डॉक्टर उभे होते. आपल्या तालमीत कोपर खट्‌कन वाजल्यावर "अजून एकदा" म्हणणं म्हणजे शौर्य नव्हे. तिथं दांडा खाली.

त्यानंतर थंड पाण्याची पट्टी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा. बर्फ थेट कातडीला लावू नका. पट्टी बांधा, हात किंवा पाय उंचावर ठेवा. पहिले दोन दिवस शेक नाही, रगडून मालीश नाही. आपल्याकडं गावोगाव लचक काढणारे असतात. खसकन ओढतात, "कट्‌" वाजतं, आणि सगळे म्हणतात, बसलं जागेवर! मुलांच्या बाबतीत तर हे मुळीच करू देऊ नका. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. ती आजूबाजूच्या बंधांपेक्षा नाजूक असते. मोठ्या माणसाचा जिथं बंध ताणला जातो, तिथं मुलाच्या कूर्चेला इजा झालेली असू शकते. ती क्ष-किरण तपासणीत डॉक्टरांना कळेल, ओढणाऱ्याला नाही. सूज आली, काळंनिळं झालं, पाय टेकवेना, किंवा सांध्याचं दुखणं आठवडाभरात गेलं नाही, तर दवाखानाच.

"मग सर, वजन उचललं की उंची खुंटते, हे खरं का?" हा प्रश्न मला दरवर्षी येतो. शिकवणारं कुणी समोर असेल, वजन झेपेल एवढंच असेल आणि पद्धत बरोबर असेल, तर उंची खुंटत नाही. घात होतो तो पैजेपायी. "तू किती उचलतोस? मी तुझ्याहून जास्त!" ही पैज प्राथमिक आणि माध्यमिक शाळेतल्या मुलांनी लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सातवी-आठवीपर्यंत स्वतःच्या अंगाचं वजन हेच भरपूर वजन आहे. जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या, मलखांब.

पण रोज किती, ते कसं ओळखायचं? घड्याळ नाही, प्रशिक्षक नाही, अशा मुलांसाठी आपल्या सुश्रुतसंहितेत एक खूण सांगून ठेवली आहे. व्यायाम आपल्या ताकदीच्या अर्ध्यापर्यंतच करावा, असं तिथं म्हटलं आहे. अर्धी ताकद झाली हे कळायचं कसं? श्वास नाकात न मावता तोंडावाटे येऊ लागला की समजायचं, निम्मं झालं. याशिवाय काखेत, कपाळावर, नाकावर आणि सांध्यांवर घाम येतो, तोंड कोरडं पडतं. आजचे प्रशिक्षक म्हणतात, व्यायाम करताना शेजाऱ्याशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. दोघांचं सांगणं फारसं वेगळं नाही.

तेव्हा या सोमवारी ज्यांना पुन्हा सुरू करायचंय, त्यांनी एक जुनी वही काढा. तारीख, किती बैठका, किती जोर, दुसऱ्या दिवशी कुठं दुखलं, रात्री झोप कशी लागली, एवढंच लिहा. सुट्टीआधीचा आकडा आठवत असेल तर पहिल्या पानावर तो लिहून समोर त्याची निम्मी संख्या मांडा. आठवतच नसेल, तर दहा बैठका आणि पाच जोरांपासून सुरुवात करा. मंगळवारी जिना उतरताना मांड्या काय म्हणतात, ते वहीत लिहायला विसरू नका.